लॅटिनो मतांचा गठ्ठा बांधला कुणी?

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रान्दे नदीच्या काठावर स्टार नावाची काउंटी आहे. तिथले शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक लॅटिनो आहेत, म्हणजे त्यांची मुळं मेक्सिकोत किंवा आणखी दक्षिणेकडे सापडतात. २०१६ साली या काउंटीने हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मतं दिली आणि डोनाल्ड ट्रम्प यांना १९. चार वर्षांनी बायडन तिथे पाच टक्क्यांनी कसेबसे पुढे राहिले. २०२४ मध्ये ट्रम्प जवळपास ५८ टक्के मतं घेऊन जिंकले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथे रिपब्लिकन उमेदवार पुढे जाण्याची ही १८९२ नंतरची पहिलीच वेळ. निकाल लागताच दोन तट पडले. एक तट म्हणाला, या लोकांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. दुसरा म्हणाला, लॅटिनो समाज आता कायमचा उजवीकडे गेला. वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक पक्षाने लॅटिनो वस्तीची शहरं मोठ्या फरकाने परत मिळवली. तेव्हा पहिला तट म्हणाला, 'बघा, डोळे उघडले', आणि दुसरा गप्प बसला. मराठीत या विषयावर जे लिहिलं-बोललं गेलं तेही बहुतेक याच दोन रुळांवरून गेलं.

दोन्ही तटांची चूक एकच आहे. 'लॅटिनो मतदार' नावाचा एक माणूस आहे, त्याला एकच मन आहे आणि ते ओळखता आलं की निकाल ओळखता येतो, असं दोघंही धरून चालतात. लॅटिनो मतांचा अमेरिकेतल्या निकालांवर परिणाम होतो, मोठा होतो, याबद्दल वाद नाही. पण नुसत्या डोक्यांच्या संख्येतून तो होत नाही. ही मतं कुठल्या राज्यात आहेत, त्यातली किती प्रत्यक्ष पेटीत पडतात आणि ती बाजू बदलायला तयार आहेत का, यावर तो ठरतो. यातली शेवटची गोष्ट मी सगळ्यात वजनदार मानतो. जी मतं आपलीच आहेत अशी एका पक्षाला खात्री असते आणि दुसऱ्याने ज्यांची आशा सोडलेली असते, त्या मतदारांच्या दारात कोण कशाला जाईल?

आधी हा गठ्ठा बांधला कुणी ते पाहू. २०२४ मध्ये मतदानाला पात्र असलेल्या लॅटिनो नागरिकांची संख्या सुमारे ३ कोटी ६२ लाख होती, म्हणजे एकूण पात्र मतदारांच्या जवळपास १५ टक्के. पण 'हिस्पॅनिक' हा लॅटिनोंना मोजण्याचा सरकारी रकाना पन्नास वर्षांहून फारसा जुना नाही. १९७० च्या जनगणनेत हा प्रश्न फक्त नमुन्यातल्या काही घरांना विचारला गेला. १९७६ मध्ये काँग्रेसने या लोकांची वेगळी आकडेवारी ठेवण्याचा कायदा केला आणि १९८० पासून प्रत्येक घराच्या अर्जावर हा रकाना आला. त्यामागचा हेतू चांगला होता. आकडा नसेल तर शाळा, दवाखाने, नोकऱ्यांतला भेदभाव सिद्ध कसा करायचा? पण मोजणीसाठी केलेला रकाना हळूहळू समाज म्हणून वाचला जाऊ लागला. न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे सांगायला नको. त्यांना ज्या 'एशियन' चौकोनात खूण करावी लागते, त्यात चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो आणि आपण असे सगळे एकत्र असतो, आणि त्या चौकोनाचं 'मत' काय असं विचारलं तर आपल्यालाच उत्तर देता येत नाही.

लॅटिनो रकान्यातली माणसं तर अमेरिकेत पोचली तीच मुळी वेगवेगळ्या वाटांनी. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा निम्मा मुलूख अमेरिकेकडे आला, तेव्हा तिथले रहिवासी एक पाऊलही न हलता परदेशात गेले. स्टार काउंटीतल्या अनेक घराण्यांची जमीन त्याही आधीची आहे. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून जन्मानेच अमेरिकन नागरिक आहेत. बेटावर राहिले तर त्यांना अध्यक्षपदासाठी मत नाही, पण विमानात बसून पेनसिल्व्हेनियात राहायला गेले की लगेच नोंदणी करता येते. क्युबन लोक १९५९ च्या क्रांतीनंतर कम्युनिस्ट राजवटीपासून पळून आले आणि १९६६ च्या खास कायद्याने त्यांना कायम वास्तव्याचा सोपा मार्ग मिळाला. जे इतर लॅटिनोंना वर्षानुवर्षं मिळत नव्हतं ते क्युबन माणसाला साधारण वर्षभरात मिळत होतं. साल्वादोरचे लोक यादवी युद्धातून आले, डोमिनिकन लोक न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या कारखान्यांत आणि छोट्या दुकानांत स्थिरावले. मायामीत 'समाजवाद' हा शब्द उच्चारला की जी भीती जागी होते, तिचा लॉस एंजेलिसच्या हॉटेलात चादरी बदलणाऱ्या मेक्सिकन बाईच्या मताशी काय संबंध?

यावर विरोधी बाजूचा एक मुद्दा भक्कम आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हे सगळे लोक एका गठ्ठ्यासारखे वागल्याची उदाहरणं आहेत. सगळ्यात ठळक कॅलिफोर्नियाचं. १९९४ मध्ये तिथे प्रस्ताव १८७ मतदानाला आला. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि तातडीचे सोडून इतर वैद्यकीय उपचार बंद करायचे, आणि शिक्षक-डॉक्टरांनी अशा संशयितांची माहिती सरकारला कळवायची, असा तो प्रस्ताव होता. रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी त्यावर निवडणूक लढवली. प्रस्ताव ५९ टक्क्यांनी मंजूर झाला, विल्सनही पुन्हा निवडून आले. न्यायालयाने तो पुढे अडवला, पण व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता. पुढच्या दोन दशकांत लाखो लॅटिनो नागरिक झाले, मतदार झाले, आणि निक्सन-रेगन यांचं हे राज्य रिपब्लिकन पक्षाच्या हातून गेलं ते गेलंच. 'अपमान झाला की गठ्ठा बांधला जातो' हा सिद्धांत इथून निघाला.

पण या गोष्टीतले सुटे भाग वेगळे करून पाहिले की सिद्धांत जरा सैल पडतो. रेगन यांच्या १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना वैध दर्जा मिळाला होता. आधी तात्पुरता परवाना, मग ग्रीन कार्ड, त्यानंतर पाच वर्षांचं वास्तव्य, मग नागरिकत्वाचा अर्ज. हे टप्पे मोजले तर ही माणसं नागरिकत्वाला पात्र होऊ लागली ती नेमकी १९९४ नंतर. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, संघराज्याच्या नव्या कल्याण कायद्याने नागरिक नसलेल्यांच्या सवलती कापल्या. त्या वर्षी देशभरात दहा लाखांहून जास्त लोकांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. म्हणजे प्रस्ताव १८७ ने राग दिला, पण तो राग मतात उतरवणारी माणसं आठ वर्षांपूर्वीच्या कायद्याने तयार ठेवली होती. आणि लॉस एंजेलिसमध्ये मिगेल कॉन्त्रेरास यांच्यासारखे कामगार पुढारी होते, ज्यांनी संघटनेच्या सभासद याद्या घेऊन नवे नागरिक दारोदार शोधले. टेक्सासमध्ये १९९४ मध्येच गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या जॉर्ज बुश यांनी विल्सन यांची वाट धरली नाही. ते मोडकंतोडकं स्पॅनिश बोलत सभा घेत राहिले आणि १९९८ मध्ये लॅटिनो मतांचा मोठा वाटा घेऊन पुन्हा निवडून आले. तीच सीमा, बहुतेक तेच मेक्सिकन वंशाचे मतदार, आणि निकाल उलटा. गठ्ठा रक्तातून आला असता तर दोन राज्यांत दोन तऱ्हा का झाल्या?

संघटनेचा मुद्दा मला इथे जरा सविस्तर मांडायचा आहे, कारण टीव्हीवरच्या चर्चेत तो कधीच येत नाही. टेक्सासमध्ये १९६० च्या दशकापर्यंत मतदानासाठी पोल टॅक्स भरावा लागे. पावणेदोन डॉलर, तोही निवडणुकीच्या कितीतरी महिने आधी. शेतमजुराच्या दिवसभराच्या कमाईचा मोठा भाग त्यात जात असे. १९६० मध्ये मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या 'व्हिवा केनेडी' मंडळांनी अशा मजुरांना कर भरायला लावून मतदान घडवलं आणि केनेडी यांनी टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकलं. निवडणूक झाल्यावर मंडळं विरली आणि ज्या नेमणुकांची अपेक्षा होती त्यातल्या फार थोड्या झाल्या. एका निवडणुकीपुरती उभी केलेली यंत्रणा असंच करते. सॅन अँटोनियोच्या विली वेलास्केस यांनी हे नीट ओळखलं. १९७४ मध्ये त्यांनी मतदार नोंदणीची संस्था काढली आणि अध्यक्षपदाच्या शर्यतीच्या मागे न लागता नगरपालिका, शाळा मंडळ, काउंटी अशा तळाच्या निवडणुका धरल्या. अडचण अशी होती की अनेक गावांत सगळे नगरसेवक संपूर्ण शहरातून निवडले जात. लॅटिनो मतदार ४० टक्के असले आणि बाकीचे एकजूट राहिले तर त्यांचा एकही माणूस निवडून येत नसे. म्हणून नोंदणी आणि खटला बरोबरीने चालले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधल्या दोन काउंट्यांतले राज्य विधिमंडळाचे असेच अनेक-सदस्यीय मतदारसंघ रद्द केले, १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात भाषिक अल्पसंख्याकांची भर पडून स्पॅनिश मतपत्रिका आल्या, १९७७ मध्ये सॅन अँटोनियोने प्रभागवार निवडणूक स्वीकारली आणि चारच वर्षांत हेन्री सिस्नेरोस तिथले महापौर झाले. प्रत्येक पायरीला कुणीतरी याद्या तपासल्या, अर्ज भरून घेतले, नकाशे मांडले. लोकसंख्या वाढली म्हणून आपोआप घडलेली यात एकही गोष्ट नाही.

आजही अडतं ते याच पायऱ्यांवर. नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन केला तरी ७१० डॉलर फी आहे. टेक्सासमध्ये बहुतेकांना ऑनलाइन मतदार नोंदणीची सोय नाही. कागदी अर्ज मतदानाच्या तीस दिवस आधी द्यावा किंवा टपालात टाकावा लागतो. दुसऱ्यांचे अर्ज गोळा करणाऱ्या स्वयंसेवकाला काउंटीकडून नेमणूक घ्यावी लागते, आणि ती दर सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. मग प्रचाराची स्वतःचीच एक अडगळ आहे. दोन्ही पक्ष मतदार याद्यांवरून प्रत्येक नावाला गुण देतात. मागच्या तीन-चार निवडणुकांत मत दिलेल्याला जास्त, नवख्याला कमी. पैसा आणि कार्यकर्ते मर्यादित, म्हणून कमी गुणांचं दार वगळलं जातं. लॅटिनो मतदार तरुण आहे, दर वर्षी सुमारे चौदा लाख लॅटिनो नव्याने पात्र होतात आणि त्यातले बहुतेक नुकतेच अठरा वर्षांचे झालेले असतात. त्यांच्या नावापुढे इतिहासच नसतो. दार वगळलं म्हणून ते मत देत नाहीत, आणि मत दिलं नाही म्हणून पुढच्या वेळी पुन्हा दार वगळलं जातं. जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०२० मध्ये पात्र गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी मतदान केलं, लॅटिनोंपैकी सुमारे ५४ टक्क्यांनी. हा सतरा टक्क्यांचा खड्डा 'झोपलेला राक्षस' या जुन्या शब्दप्रयोगाने झाकला जातो, जणू दोष झोपणाऱ्याचाच आहे.

आता 'लॅटिनोंनी निकाल फिरवला' या वाक्याचा हिशोब. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले. त्याआधी एप्रिलमध्ये एलियान गोन्झालेस या क्युबातून आलेल्या लहान मुलाला वडिलांकडे परत देण्यासाठी डेमोक्रॅटिक क्लिंटन सरकारच्या पथकाने मायामीतल्या नातेवाइकांच्या घरातून उचललं होतं आणि क्युबन मतदार संतापले होते. मग क्युबनांनी निकाल फिरवला का? फिरवला. पण त्याच राज्यात ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं पडली होती, आणि पाम बीच काउंटीतल्या गोंधळाच्या मतपत्रिकेने हजारो मतं भलतीकडे गेली होती. ५३७ च्या फरकात प्रत्येक गट निर्णायक ठरतो, म्हणून कुणा एका गटाला ते श्रेय देण्यात अर्थ राहत नाही. २०२० च्या ॲरिझोनाचंही तसंच. बायडन तिथे १०,४५७ मतांनी जिंकले. २०१० च्या कडक स्थलांतर कायद्यानंतर दहा वर्षं राबलेल्या लॅटिनो तरुणांच्या संघटनांचा त्यात मोठा हात होता. पण नावाहो आदिवासींची मतं, आणि तिथले दिवंगत रिपब्लिकन सेनेटर जॉन मॅकेन यांना मानणारे फिनिक्सच्या उपनगरांतले रिपब्लिकन हेही त्यात होतेच.

उपयोगी प्रश्न वेगळा विचारावा लागतो: गटाचा मतदारांतला वाटा किती, त्याच्या कौलातला फरक किती, आणि दोन्हींचा गुणाकार राज्यातल्या मताधिक्यापेक्षा मोठा आहे का? प्यू या संशोधन संस्थेने मतदार याद्यांशी पडताळलेल्या पाहणीत २०२० मध्ये लॅटिनोंची मतं बायडन ६१, ट्रम्प ३६ अशी होती. २०२४ मध्ये कमला हॅरिस ५१, ट्रम्प ४८. डेमोक्रॅटांची आघाडी २५ वरून ३ वर, म्हणजे २२ अंकांची घसरण. मतदारांतला वाटा साधारण दहा टक्के धरला तर देशाच्या मताधिक्यावर परिणाम सुमारे २.२ अंकांचा. देशाचं एकूण मताधिक्य बायडन यांच्या बाजूच्या साडेचारवरून ट्रम्प यांच्या बाजूच्या दीडवर गेलं, म्हणजे सहा अंक हललं. याचा अर्थ लॅटिनो घसरणीने एकूण बदलाचा तिसऱ्या भागाहून थोडा जास्त हिस्सा उचलला. मोठा हिस्सा आहे, पण उरलेला जवळजवळ दोन तृतीयांश कुणाचा, हे विचारायला नको?

शिवाय अमेरिकेत निकाल देशाच्या बेरजेवर लागत नाही, इलेक्टोरल कॉलेजवर लागतो, म्हणजे बहुतेक राज्यांत जो जिंकतो त्याला त्या राज्याच्या वाट्याची सगळी इलेक्टोरल मतं मिळतात. निम्म्याहून जास्त लॅटिनो मतदार कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क या चार राज्यांत राहतात, आणि २०२४ मध्ये यातलं एकही राज्य काठावर नव्हतं. स्टार काउंटीने मनं हलवली, पण टेक्सासची चाळीस इलेक्टोरल मतं तिच्याविनाही ट्रम्प यांचीच होती. ज्या पेनसिल्व्हेनियावर सगळ्यांचे डोळे होते, तिथे लॅटिनो मतदार पाच टक्क्यांच्या आसपास धरले आणि त्यांचा कौल २० अंकांनी फिरला असं मानलं तरी राज्याचं मताधिक्य एका अंकाने हलतं. ट्रम्प तिथे १.७ अंकांनी जिंकले. निवडणुकीच्या नऊ दिवस आधी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सभेत एका विनोदी कलाकाराने पोर्तो रिकोला तरंगता कचरा म्हटलं, तेव्हा रेडिंग आणि ॲलनटाउन या पोर्तो रिकन वस्तीच्या शहरांवरून निकाल ठरणार असं ठामपणे छापून आलं होतं. साधा गुणाकार कुणी केला नव्हता.

आकडे मोजण्याची पद्धतही या वादात कुणी विचारत नाही. एक्झिट पोलची केंद्रं संपूर्ण राज्याचं चित्र यावं म्हणून निवडलेली असतात, लॅटिनोंचं चित्र यावं म्हणून नव्हे. त्यात मिळणारे लॅटिनो बहुधा मिश्र वस्तीतले, तुलनेने सुस्थितीतले, इंग्रजी बोलणारे असतात. २००४ मध्ये बुश यांना ४४ टक्के लॅटिनो मतं मिळाल्याचं आधी जाहीर झालं, फेरतपासणीत तो आकडा चाळीसच्या जवळपास आला. उलट २०१० मध्ये नेवाडात बहुतेक चाचण्या डेमोक्रॅट सेनेटर हॅरी रीड हरणार म्हणत होत्या. चाचण्या घेणाऱ्यांचे फोन प्रामुख्याने इंग्रजीतून जात होते आणि लास वेगासच्या हॉटेलांत आळीपाळीने राबणाऱ्या लोकांपर्यंत पोचत नव्हते. रीड पाच टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकले. तिथल्या क्युलिनरी या हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या करारात सभासदांना राजकीय कामासाठी रजा घेण्याची तरतूद आहे. ते खोल्यांची कामं सोडून महिनोन्महिने दारं ठोठावतात. अर्थात संघटनाही सर्वशक्तिमान नसते. २०२४ मध्ये तीच माणसं तशीच राबली, तरी हॅरिस नेवाडात हरल्या.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. गठ्ठा नसेल तर २०२४ मध्ये सगळे एकाच दिशेने कसे हलले? रिओ ग्रान्दे खोऱ्यातले मेक्सिकन, न्यू जर्सीच्या पसेइक काउंटीतले डोमिनिकन आणि पेरूचे लोक, ब्रॉन्क्समधले पोर्तो रिकन, मायामी-डेडमधले क्युबन आणि व्हेनेझुएलाचे लोक यांची पार्श्वभूमी वेगळी, पण सरकले सगळे ट्रम्प यांच्याकडे. मायामी-डेडमध्ये क्लिंटन २०१६ मध्ये २९ अंकांनी पुढे होत्या, २०२४ मध्ये ट्रम्प ११ अंकांनी जिंकले. ब्रॉन्क्समध्ये ट्रम्प यांचा वाटा दहावरून सत्तावीस टक्क्यांपर्यंत चढला. हे खरं आहे, आणि 'लॅटिनो अनेक आहेत' एवढ्याच उत्तराने ते निकालात निघत नाही.

पण एका दिशेने सरकणं आणि एका कारणासाठी एकत्र येणं यांत फरक आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. अंडी, घरभाडं, पेट्रोल यांवर पगाराचा मोठा भाग खर्च करणारा, पदवी नसलेला कामगार देशभर सत्ताधारी पक्षापासून दूर गेला, आणि लॅटिनो मतदारांत असे कामगार जास्त आहेत. पाऊस एका गावात पडला म्हणून गावातले सगळे एका कुळाचे होत नाहीत. आणि हे लोक पक्ष बदलून गेले असते तर मतपत्रिकेवर खालीपर्यंत तसंच मत दिसलं असतं. ट्रम्प यांनी ॲरिझोना साडेपाच अंकांनी जिंकलं, त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅट रुबेन गायेगो सेनेटवर निवडून आले. नेवाडात हॅरिस हरल्या, पण सेनेटर जॅकी रोझन टिकल्या. दक्षिण टेक्सासमध्ये ट्रम्प यांनी जिंकलेल्या मतदारसंघांतून हेन्री क्वेयार आणि व्हिसेंते गोन्झालेस हे डेमोक्रॅट पुन्हा निवडून आले. ही पक्षांतराची खूण नाही. नावागणिक विचार करून मत देण्याची आहे.

याआधीही हे घडून गेलंय. २००४ मध्ये बुश यांना मिळालेल्या चाळीस टक्क्यांवरून 'लॅटिनो रिपब्लिकन झाले' असं लिहिलं गेलं. डिसेंबर २००५ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या प्रतिनिधींनी कागदपत्रांविना राहणं हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरवणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर केलं, २००६ च्या वसंतात लाखोंचे मोर्चे निघाले, आणि २००८ मध्ये मॅकेन ३१ टक्क्यांवर घसरले. मॅकेन तर स्थलांतर सुधारणेचे पुरस्कर्ते होते. मग २०१२ मध्ये रॉम्नी २७ टक्क्यांवर गेल्यावर रिपब्लिकन पक्षाने स्वतःचं शवविच्छेदन करून निष्कर्ष काढला की स्थलांतर सुधारणेला पाठिंबा दिल्याशिवाय भविष्य नाही. सेनेटने २०१३ मध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी तसं विधेयक मंजूरही केलं, कनिष्ठ सभागृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. तीन वर्षांनी नेमकी उलटी भाषा बोलणारा उमेदवार जिंकला आणि त्याची लॅटिनो मतं पुढे वाढत गेली. गठ्ठा गृहीत धरून केलेलं भाकीत दोन्ही पक्षांना एकेकदा असं तोंडघशी पाडून गेलं आहे. आणखी मागे जायचं तर कॅथलिक मतांकडे पाहा. १९६० मध्ये चारातल्या तीनहून जास्त कॅथलिकांनी आपल्या धर्माच्या केनेडींना मत दिलं. २००४ मध्ये जॉन केरी हे कॅथलिक उमेदवार उभे होते, आणि एक्झिट पोलनुसार कॅथलिकांची बहुसंख्य मतं मेथडिस्ट बुश यांना गेली. आयरिश आणि इटालियन नातवंडांनी कुणाचा विश्वासघात केला होता का?

'स्वतःच्या हद्दपारीला मत दिलं' हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. मत देणारा प्रत्येक जण नागरिक आहे, त्याला हद्दपार करता येत नाही. रिओ ग्रान्दे खोऱ्यातल्या कुटुंबांत पाच-पाच पिढ्यांचे नागरिक आहेत. तिथे सीमा सुरक्षा दल, तुरुंग आणि पोलीस ही पेन्शन देणारी थोडी चांगली नोकरी आहे, सापाता काउंटीत तेल आणि वायूवर पोट आहे. 'पोलिसांचा निधी कापा' आणि 'तेलापासून दूर जायचं' हे डेमोक्रॅटांच्या गोटातून आलेले शब्द त्यांच्या कानाला रोजगारावरचा घाला म्हणून ऐकू आले. या लोकांनी आपल्या हिताचा विचार केला नाही असं म्हणणं म्हणजे त्यांचं हित काय ते आपण बाहेरून ठरवून मोकळं होणं.

तरीही वंशाची ओळख मतात उतरत नाही असं मी म्हणत नाही. सरकार त्या ओळखीवर हात टाकतं तेव्हा ती उतरते. २० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणाऱ्या आदेशावर सही झाली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधल्या, स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या फिरत्या पथकांवरची खालच्या न्यायालयाची बंदी तात्पुरती उठवली. केवळ चेहरा, बोलण्याची ढब आणि कामाची जागा यांवरून माणसाला थांबवू नका, असं ती बंदी सांगत होती. रस्त्यावर थांबवलेल्या माणसाला तो साल्वादोरचा की पाचव्या पिढीचा टेक्सन हे आधी कुणी विचारत नाही. ज्या रकान्यात तो स्वतःला कधी पाहत नव्हता, त्यात त्याला हाताला धरून उभं केलं जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी वर्षापूर्वी जिंकलेली पसेइक काउंटी गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्याकडे परत गेली. डिसेंबरमध्ये मायामीच्या महापौरपदी, कागदोपत्री पक्षविरहित असलेल्या निवडणुकीत, आयलीन हिगिन्स जिंकल्या; जवळपास तीस वर्षांत तिथे डेमोक्रॅट महापौर झाला नव्हता. यात धरपकडीचा वाटा आहे आणि न उतरलेल्या किमतींचाही. दोन्ही वेगळे करून दाखवता येतील असं जो म्हणतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण ही मतं कुणाच्या खिशात नव्हती, एवढं त्यातून दिसतं.

टेक्सासच्या विधिमंडळाने मात्र ती खिशात धरूनच ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ पुन्हा आखले. रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढवून मिळाव्यात असा उघड हेतू होता, आणि त्यातल्या क्वेयार आणि गोन्झालेस यांच्या दोन जागा थेट दक्षिण टेक्सासच्या लॅटिनो पट्ट्यातल्या. हिशोब २०२४ च्या मतांचा आहे. त्या मतांत चार वर्षांपूर्वी बायडन यांना मत देऊन २०२४ मध्ये घरी बसलेले किती, बाजू बदललेले किती आणि पहिल्यांदाच आलेले किती, हे नकाशावर दिसत नाही. घरी बसलेले परत आले तर एक निकाल, बाजू बदललेले टिकले तर दुसरा. हिदाल्गो, कॅमेरॉन, स्टार या काउंट्यांत २०२४ च्या निवडणुकीनंतर अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींची नावं अजून कुठल्याच पक्षाच्या गुणांच्या यादीत वर आलेली नाहीत. त्यांच्यासाठी कागदी अर्ज घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवकांची जुनी नेमणूक ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. नवी काढावी लागते, प्रत्येक काउंटीत वेगळी.